वाचकांचे प्रश्न : इन्स्टॉलरवरची डिजिटल सही

मुक्तस्रोत प्रकल्प चालवणाऱ्या वाचकांकडून आलेले सहीविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक विंडोजचे आहेत, कारण डोकेदुखीही तिथेच जास्त आहे. फाइल कुणी बनवली आणि नंतर ती बदललेली नाही, हे दाखवते ती डिजिटल सही. ती गुप्त (खासगी) किल्लीने करतात, आणि ती किल्ली कुणाची हे सांगणारा दाखला म्हणजे सर्टिफिकेट.

प्रश्न : आमचा इन्स्टॉलर डाउनलोड करून उघडला की विंडोज निळी खिडकी दाखवते आणि ‘अनोळखी पब्लिशर’ म्हणते. कोड तर पूर्ण खुला आहे. सर्टिफिकेट घेऊन सही केली, तर ही खिडकी जाईल का?

लगेच जाईलच असे नाही. इथे दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली म्हणजे इन्स्टॉलरला अ‍ॅडमिन अधिकार हवे असताना येणारी यूएसी (परवानगी विचारणारी) खिडकी. सही नसेल तर ती पिवळी येते आणि पब्लिशर अनोळखी दाखवते. वैध सही असली की पिवळा रंग जातो आणि सर्टिफिकेटवरचे नाव दिसते. हा फरक पहिल्याच दिवशी पडतो.

दुसरी स्मार्टस्क्रीन, म्हणजे उतरवलेल्या फायली तपासणारी विंडोजची सोय. ब्राउझरने उतरवलेल्या फायलीला विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी खूण चिकटवते. खूण असलेली फाइल उघडली की स्मार्टस्क्रीन तिची पत तपासते. ही पत दोन गोष्टींवर जमा होते: त्या नेमक्या फायलीच्या हॅशवर (मजकुरावरून काढलेल्या आकडी ठशावर) आणि सही ज्या सर्टिफिकेटने केली त्यावर. सही नसेल तर दर आवृत्तीचा हॅश नवा, म्हणून दर वेळी शून्यापासून सुरुवात. सही असेल तर आधीच्या आवृत्त्यांची पुण्याई पुढच्या आवृत्तीला मिळते. पण नव्या सर्टिफिकेटची पहिली काही डाउनलोड इशाऱ्यासहच होतात.

पूर्वी यावर ईव्ही, म्हणजे कडक पडताळणीचे महागडे सर्टिफिकेट हा उतारा होता. ते लावले की स्मार्टस्क्रीन पहिल्यापासून गप्प. २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सवलत काढून घेतली. विक्रीच्या पानांवर जुना दावा अजून दिसतो, तेव्हा केवळ इशारा घालवण्यासाठी ईव्हीचे पैसे मोजू नका.

चाचणी घेताना फाइल ब्राउझरनेच उतरवा. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या फायलीवर सहसा ती खूण नसते, म्हणून तुमच्याकडे ‘काहीच इशारा येत नाही’ आणि वापरकर्त्याकडे येतो. आणि विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने फाइल थेट विषाणू ठरवली असेल, तर तो पतीचा प्रश्न नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या फाइल-तपासणी पोर्टलवर ‘सॉफ्टवेअर बनवणारा’ म्हणून ती पाठवा.

प्रश्न : संकेतस्थळासाठी फुकट मिळणारे सर्टिफिकेट इन्स्टॉलरला चालेल का? निदान स्वतःच बनवलेले?

संकेतस्थळाचे चालत नाही. प्रत्येक सर्टिफिकेटमध्ये ते कशासाठी वापरायचे हे लिहिलेले असते. कोडवर सहीसाठी त्यात १.३.६.१.५.५.७.३.३ हा क्रमांक लागतो. संकेतस्थळाच्या सर्टिफिकेटमध्ये तो नसतो. संकेतस्थळांना फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा कोड-सहीची सर्टिफिकेटे देत नाही.

स्वतः बनवलेले सर्टिफिकेट तुमची सही करण्याची स्क्रिप्ट तपासायला उत्तम आहे. मात्र ‘आमचे सर्टिफिकेट तुमच्या विश्वसनीय मुळांच्या यादीत घाला’ असे वापरकर्त्यांना सांगू नका. त्या यादीतल्या सर्टिफिकेटांवर यंत्र डोळे झाकून विश्वास ठेवते. उद्या तुमची किल्ली कुणाच्या हाती लागली, तर त्या सगळ्या यंत्रांवर तो हवे ते खपवू शकेल. त्यापेक्षा सही नसलेला इन्स्टॉलर बरा.

प्रश्न : आम्ही तिघे स्वयंसेवक आहोत. नोंदणीकृत संस्था नाही, निधी नाही. कोणता मार्ग धरावा?

तुमच्यासारख्यांसाठी पहिला पर्याय साइनपाथ फाउंडेशन. मुक्तस्रोत प्रकल्पांना ते विनामूल्य सही देतात. सर्टिफिकेट फाउंडेशनच्या नावावर असते, म्हणून वापरकर्त्याला पब्लिशर म्हणून तुमचे नव्हे, फाउंडेशनचे नाव दिसते. ज्यांना स्वतःचे नाव जगापुढे आणायचे नाही त्यांना हे सोयीचेच. बदल्यात अटी आहेत आणि त्या रास्त आहेत. परवाना ओएसआय (ओपन सोर्स इनिशिएटिव्ह) या संस्थेने मान्य केलेला हवा. प्रकल्प जिवंत हवा आणि आधी प्रकाशित झालेला हवा. बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेला प्रोग्रॅम, कुणाच्या लॅपटॉपवर नव्हे, तर स्वयंचलित यंत्रणेवर, थेट रेपॉझिटरीतून (कोडच्या भांडारातून) झालेले असावे. सर्व सदस्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची. प्रत्येक रिलीजची सही ठरवून दिलेल्या माणसाने हाताने मंजूर करायची. संकेतस्थळावर सहीचे धोरण जाहीर करायचे. अर्ज करण्यापूर्वी एक काम उरका: तुमच्या प्रत्येक ईएक्सई (प्रोग्रॅम) आणि डीएलएल (जोड-कोड) फायलीच्या माहितीत उत्पादनाचे नाव आणि आवृत्ती नीट भरा. ती जागा रिकामी ठेवणारे प्रकल्प बरेच असतात.

दुसरा पर्याय पोलंडच्या सर्टम या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचे मुक्तस्रोत विकसकांसाठीचे सर्टिफिकेट. ते व्यक्तीच्या नावे मिळते आणि नेहमीच्या व्यापारी सर्टिफिकेटपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. ओळखपत्राची पडताळणी होते, प्रकल्पाचा दुवा द्यावा लागतो. पब्लिशरच्या जागी ‘ओपन सोर्स डेव्हलपर’ आणि पुढे तुमचे नाव येते. किल्ली स्मार्टकार्डवर किंवा त्यांच्या सिंपलीसाइन या क्लाउड सेवेत राहते. क्लाउडमध्ये मोबाइलवरचा एकदाच चालणारा आकडा टाकून लॉगिन करायचे असते. पूर्ण स्वयंचलित बिल्डला तिथे अडचण येते. तिघांपैकी ज्याच्या नावे ते घ्याल, तो प्रकल्प सोडून गेला तर सहीही त्याच्याबरोबर जाईल, हे आधीच बोलून ठेवा.

मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युअर या क्लाउडवरची सहीची सेवाही आहे. आधी तिचे नाव ट्रस्टेड सायनिंग होते, आता आर्टिफॅक्ट सायनिंग. मासिक शुल्क माफक आहे, पण ती मोजक्याच देशांतल्या संस्थांना आणि त्याहून मोजक्या देशांतल्या व्यक्तींना मिळते. पात्रता पाहिल्याशिवाय त्यावर बेत आखू नका.

आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर. तिथे एमएसआयएक्स या नव्या प्रकारचे पॅकेज दिले तर सही मायक्रोसॉफ्टच करते. साधा ईएक्सई किंवा एमएसआय इन्स्टॉलर स्टोअरमध्ये टाकायचा असेल, तर मात्र तो आधीच मान्यताप्राप्त सर्टिफिकेटने सही केलेला लागतो.

प्रश्न : पूर्वी पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि किल्ली एकत्र) बिल्ड सर्व्हरच्या गुपितांत ठेवून सही आपोआप व्हायची. नूतनीकरणानंतर यूएसबी टोकन (किल्ली आत ठेवणारे छोटे उपकरण) हाती आले. आता रिलीज कसे काढायचे?

१ जून २०२३पासून नियमच बदलला. सार्वजनिक विश्वासाच्या प्रत्येक कोड-सही सर्टिफिकेटची खासगी किल्ली आता एफआयपीएस १४०-२ स्तर २ किंवा कॉमन क्रायटेरिया ईएएल ४+ या सुरक्षा मानकांच्या दर्जाच्या हार्डवेअरमध्येच राहिली पाहिजे. फाइल म्हणून ती तुम्हाला मिळत नाही आणि टोकनातून बाहेरही काढता येत नाही. कारण उघड आहे: फाइल चोरता येते. डिसेंबर २०२२मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या काही रेपॉझिटरी परक्या हाती गेल्या, त्यांत गिटहब डेस्कटॉप आणि अ‍ॅटम या प्रोग्रॅमांची सही-सर्टिफिकेटे होती. ती पासवर्डने बंद होती, तरीही गिटहबने २ फेब्रुवारी २०२३ ही तारीख ठरवून ती रद्द करवली आणि काही जुन्या आवृत्त्या त्यामुळे चालेनाशा झाल्या.

दोन-तीन महिन्यांतून एकदा रिलीज काढणाऱ्या प्रकल्पाने फार यंत्रणा उभारू नये. बिल्ड सर्व्हरवर बिल्ड होऊ द्या, फायली उतरवा, टोकन लावलेल्या यंत्रावर सही करा, पुन्हा चढवा. फक्त उतरवलेल्या फायलीचा हॅश बिल्डच्या नोंदीशी ताडून मगच सही करा.

टोकन कायम एका यंत्राला लावून ठेवणार असाल, तर दोन खड्डे आहेत. रिमोट डेस्कटॉपने त्या यंत्रात शिरलात की टोकन दिसेनासे होते. ते बिघडलेले नसते. रिमोट डेस्कटॉप स्मार्टकार्डाची विचारणा तुम्ही बसला आहात त्या यंत्राकडे वळवते. प्रत्यक्ष यंत्रासमोर बसा किंवा स्क्रीन जशीच्या तशी दाखवणारे दुसरे साधन वापरा. दुसरा खड्डा पिनचा. दर फायलीला पिन विचारली जाऊ नये म्हणून टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एकदाच लॉगिन’ ही सोय चालू करता येते. स्क्रिप्टमध्ये चुकीची पिन राहिली आणि ती स्क्रिप्ट पुन्हापुन्हा धावली, तर काही प्रयत्नांत टोकन कुलूपबंद होते. मग प्रशासकाची पिन शोधा, नाहीतर नवे टोकन मागवा.

पूर्ण स्वयंचलन हवेच असेल तर किल्ली क्लाउडमधल्या हार्डवेअर तिजोरीत ठेवणारी सेवा घ्या. अख्खा इन्स्टॉलर तिकडे जात नाही, जातो तो हॅशवर आधारलेला छोटासा मजकूर. शा-२५६चा हॅश अवघा ३२ बाइटचा असतो. जेसाइन हे जावातले साधन अशा बऱ्याच सेवांशी बोलते आणि लिनक्सवरही चालते. ओएसएसएल-साइनकोड हे दुसरे साधन पीकेसीएस-११ या ठरलेल्या पद्धतीने टोकन वापरू शकते. सहीचे काम संरक्षित टॅगवरच (रिलीजसाठी खूण केलेल्या कोडवरच) चालेल असे बांधा. बाहेरच्या कुणीही पाठवलेल्या पुल रिक्वेस्टवर (कोड बदलाच्या प्रस्तावावर) ते सुरू होत असेल, तर महागडी तिजोरी घेऊन किल्ली दारात टांगल्यासारखे होईल.

अर्ज करतानाची एक निवड: किल्ली आरएसए प्रकारची घ्या, ३०७२ बिटांपेक्षा लहान आता मिळतही नाही. लंबवर्तुळी वक्रांची किल्ली नवी आणि छोटी वाटते, पण विंडोज ११चे अनोळखी प्रोग्रॅम अडवणारे स्मार्ट अ‍ॅप कंट्रोल तिची सही मानत नाही.

प्रश्न : इन्स्टॉलरवर सही आहे, पण प्रोग्रॅम काढताना ‘अनोळखी पब्लिशर’ येतोच. का?

अनइन्स्टॉलर ही वेगळी ईएक्सई फाइल असते आणि ती इन्स्टॉलर बनताना त्याच्या पोटात जाते. बाहेरच्या आवरणावर सही केली म्हणून आतल्या फायलींवर ती होत नाही.

इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनांपैकी इनो सेटअपमध्ये सही करणारी आज्ञा ‘साइनटूल’ या निर्देशात द्या आणि ‘साइन्ड-अनइन्स्टॉलर’ चालू ठेवा. अनइन्स्टॉलरचे काम ते स्वतः करते. एनएसआयएसमध्ये ३.०८ आवृत्तीपासून ‘अनइन्स्ट-फायनलाइझ’ हा निर्देश आहे, त्याआधी लोकांना आडमार्गाने दोनदा बिल्ड करावे लागे. विक्सचे बंडल (एमएसआय पोटात बांधलेला इन्स्टॉलर) असेल तर जास्त सांभाळा: आधी आतले एमएसआय, मग बंडलमधून इंजिन (ते चालवणारी ईएक्सई) वेगळे काढून त्यावर सही, ते परत जोडणे आणि शेवटी अख्ख्या बंडलवर सही. इंजिनाची पायरी गाळली तर बंडल पहिल्यांदा ठीक चालते आणि दुरुस्ती किंवा काढून टाकण्याच्या वेळी यूएसी पिवळी होते.

क्रम नेहमी आतून बाहेर. तुमच्या ईएक्सई-डीएलएल, मग अनइन्स्टॉलर, मग इन्स्टॉलर, आणि सगळ्यात शेवटी चेकसमची (हॅशची) फाइल. सही केल्यावर फाइल बदलते, म्हणून आधी काढलेला शा-२५६ चुकीचा ठरतो. ‘हॅश जुळत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. यूपीएक्स या साधनाने फाइल दाबून लहान करायची असेल तर सहीच्या आधी दाबा, नंतर दाबले की सही मोडते. खरे तर दाबूच नका. अँटिव्हायरसला यूपीएक्सचा वास आवडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या रनटाइमसारख्या ज्या फायलींवर मूळ बनवणाऱ्याची सही आहे, त्यांवर आपली चढवू नका.

प्रश्न : सर्टिफिकेटची मुदत पुढच्या महिन्यात संपते. जुने इन्स्टॉलर बंद पडतील का? सगळ्यांवर नव्याने सही करू का?

सही करताना टाइमस्टँप लावला असेल तर काही बिघडत नाही. टाइमस्टँप म्हणजे तिसऱ्या पक्षाने दिलेला पुरावा, की ही सही सर्टिफिकेट वैध असतानाच झाली. तो नसेल तर मुदत संपताच सही बाद. फायलीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सच्या पानावर वेळ आणि तारीख दिसते का ते पाहा. तिथे ‘उपलब्ध नाही’ असेल, तर मुदत संपण्याआधी त्या फायलीवर टाइमस्टँप नंतरही चढवता येतो. मायक्रोसॉफ्टच्या साइनटूल या सही-साधनाची ‘टाइमस्टँप’ ही उपआज्ञा त्यासाठीच आहे. फाइल मात्र बदलेल, चेकसम नवा काढा. टाइमस्टँप असलेल्या जुन्या फायलींना हात लावू नका.

साइनटूलमध्ये तीन स्विच एकत्र लक्षात ठेवा: ‘एफडी’ म्हणजे फायलीच्या हॅशची पद्धत, ‘टीआर’ म्हणजे आरएफसी ३१६१ प्रकारच्या टाइमस्टँप सर्व्हरचा पत्ता, आणि ‘टीडी’ म्हणजे टाइमस्टँपच्या हॅशची पद्धत. दोन्ही पद्धती शा-२५६ ठेवा. ‘टीडी’ हा ‘टीआर’च्या नंतर लिहायचा. नुसता ‘टी’ हा जुन्या प्रकारच्या सर्व्हरसाठी आहे, तो नव्या स्क्रिप्टमध्ये नको. टाइमस्टँप सर्व्हर फुकट असतात आणि अधूनमधून उत्तर देत नाहीत. शंभर डीएलएलवर सही करताना एखादी अडतेच. थोडे थांबून चार-पाच वेळा पुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट लिहा, आणि टाइमस्टँप न मिळाल्यास बिल्ड थांबवा. टाइमस्टँपशिवाय पुढे गेलेली फाइल त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही, मुदत संपल्यावर येते.

हा मुद्दा आता जास्तच बोचणार आहे. सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९ महिने होती, १ मार्च २०२६पासून दिल्या जाणाऱ्या सर्टिफिकेटांना ती ४६० दिवस आहे, म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष. अ‍ॅझ्युअरच्या सेवेत तर एकेक सर्टिफिकेट ३ दिवसांचेच असते. स्मार्टस्क्रीनची पतही नव्या सर्टिफिकेटला बहुधा पुन्हा जमवावी लागते, तेव्हा मोठ्या रिलीजच्या आदल्या दिवशी सर्टिफिकेट बदलू नका. आधी एखादी छोटी दुरुस्ती-आवृत्ती त्यावर काढा.

प्रश्न : साइनटूलने पडताळले तर ‘विश्वास नसलेले मूळ’ अशी चूक येते, पण प्रॉपर्टीजमध्ये सही ठीक दिसते.

‘पीए’ हा स्विच द्यायचा राहिला आहे. तो नसेल तर साइनटूल ड्रायव्हरचे कडक धोरण लावते.

उलट प्रकार, म्हणजे तुमच्याकडे ठीक आणि दुसऱ्याच्या यंत्रावर बाद, असे झाले तर मधले (तुमच्या आणि मूळ सर्टिफिकेटला जोडणारे) सर्टिफिकेट सहीत घातलेले नाही. इंटरनेट असलेले विंडोज ते स्वतः शोधून आणते, बंदिस्त जाळ्यातले यंत्र आणू शकत नाही. लिनक्सवर ओएसएसएल-साइनकोडने सही करणाऱ्यांकडून हे जास्त होते. मधल्या सर्टिफिकेटांची फाइल ‘एसी’ पर्यायाने द्या.

प्रश्न : विंडोजचे हेच सर्टिफिकेट मॅकवर चालेल का?

नाही. मॅकवर फक्त अ‍ॅपलचे डेव्हलपर आयडी चालते आणि त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्व लागते. काही देशांतल्या ना-नफा व शैक्षणिक संस्थांना ते माफ होते. सर्टिफिकेटे दोन: अ‍ॅप आणि डीएमजी (डिस्क-प्रतिमा) फायलीसाठी ‘अ‍ॅप्लिकेशन’, पीकेजी पॅकेजसाठी ‘इन्स्टॉलर’. चुकीचे लावले की नोटरायझेशन, म्हणजे अ‍ॅपलची तपासणी-मंजुरी, नाकारले जाते.

सही करणाऱ्या कोडसाइन आज्ञेला ‘रनटाइम’ पर्याय आणि टाइमस्टँप द्या. इथेही आतून बाहेर सही करा, सगळ्यांवर एकदम सही करणाऱ्या ‘डीप’ पर्यायावर विसंबू नका. मग नोटरीटूलने फाइल अ‍ॅपलकडे पाठवायची. जुने ऑल्टटूल १ नोव्हेंबर २०२३पासून त्यासाठी बंद आहे. उत्तर ‘इनव्हॅलिड’ आले तर त्याच साधनाची ‘लॉग’ आज्ञा चालवा, नेमकी कोणती फाइल अडली ते नावानिशी कळते. शेवटी स्टेपलर या साधनाने मंजुरीची पावती फायलीला जोडायची. झिपला ती जोडता येत नाही, आतल्या अ‍ॅपला जोडून मग झिप करा. जेआयटी (चालतानाच यंत्रकोड बनवण्याची पद्धत) वापरणारा प्रोग्रॅम सहीनंतर उघडताच कोसळत असेल, तर सहीसोबतच्या परवानग्यांच्या यादीत (एन्टायटलमेंट) जेआयटीची परवानगी घालायची राहिली आहे.

२०२४च्या मॅकओएस सिक्वोयापासून कंट्रोल-क्लिक करून इशारा टाळण्याची पळवाट बंद झाली. आता सही नसलेले अ‍ॅप सेटिंग्जमध्ये खोलवर जाऊन मोकळे करावे लागते, आणि सामान्य वापरकर्ता तिथवर जात नाही.

प्रश्न : लिनक्सवाले सहकारी म्हणतात, जीपीजीची सही किंवा सिगस्टोर अशा फुकट सही-पद्धती असताना हा खर्च कशाला?

त्यांचे त्यांच्या जागी बरोबर आहे. सिगस्टोरमध्ये दहा मिनिटांचे सर्टिफिकेट मिळते, सहीची नोंद सार्वजनिक खातेवहीत होते, किल्ली सांभाळायची कटकटच नाही. पण विंडोज आणि मॅक ती सही पाहतच नाहीत. दोन्ही करा, खर्च वाढत नाही.

पुनरुत्पादनीय बिल्ड (त्याच कोडपासून कुणालाही हुबेहूब तीच फाइल) करणाऱ्यांना सही आड येते असे वाटते, तेही पूर्ण खरे नाही. विंडोजच्या सहीचा हॅश काढताना चेकसमचा रकाना, सहीच्या तक्त्याची नोंद आणि खुद्द सही वगळतात. त्यामुळे ओएसएसएल-साइनकोडने सही काढून हाच हॅश स्वतःच्या बिल्डशी ताडता येतो.

प्रश्न : आमचा परवाना जीपीएल ३ आहे. मग सहीची खासगी किल्लीही द्यावी लागेल का?

नाही. सहाव्या कलमातली ‘इन्स्टॉल करण्याची माहिती’ ही अट घरगुती उपकरणासोबत दिलेल्या सॉफ्टवेअरसाठी आहे, जिथे बदललेली आवृत्ती किल्लीशिवाय त्या उपकरणावर चालूच शकत नाही. तुम्ही उपकरण विकत नाही, आणि साध्या संगणकावर कुणीही बदललेली आवृत्ती स्वतःच्या सहीने किंवा सहीविना चालवू शकतो.

प्रश्न : आमचा अपडेटर नवी फाइल ‘सही केलेली आहे’ एवढे पाहूनच चालवतो. पुरेसे आहे ना?

पुरेसे नाही. कुठल्याही वैध सर्टिफिकेटची सही त्यात पास होईल आणि सर्टिफिकेट घेणाऱ्यांत भामटेही असतात. अपडेटरने सही वैध आहे का, पब्लिशरचे नाव आपलेच आहे का आणि आवृत्ती आत्ताच्यापेक्षा नवी आहे का, हे तिन्ही पाहावे. सर्टिफिकेटचा ठसा अपडेटरमध्ये कोरून ठेवू नका, सव्वा वर्षात नूतनीकरण झाले की जुने वापरकर्ते अडकतील. पब्लिशरचे नाव साइनपाथ फाउंडेशनचे असेल तर त्याच नावाने इतर प्रकल्पही सही करतात, म्हणून तुमच्या स्वतःच्या वेगळ्या किल्लीने अपडेटच्या यादीवरही सही करा.

एवढे करूनही बिल्ड यंत्रच बाधित असेल तर सही काही वाचवत नाही. २०१७मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती आत घुसवलेल्या कोडसह वैध सहीनेच बाहेर पडली होती. असे काही घडले किंवा किल्ली हातची गेली, तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला लगेच कळवा आणि रद्द करण्याची तारीख नेमकी सांगा. त्या तारखेआधी टाइमस्टँप झालेल्या आवृत्त्या वैध राहतात, नंतरच्या बाद होतात. त्यासाठी कोणती फाइल कधी सही केली आणि तिचा हॅश काय, याची यादी आजपासूनच, बिल्ड यंत्राबाहेर ठेवा.